बफेटवरची पाच पुस्तकं, आणि तरीही घाबरून विकलेला शेअर

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, चूकभूल पोटात घाला.

गेल्या दीड-दोन वर्षांत वॉरन बफेटवरची पाच पुस्तकं वाचून काढली. दोन जाडजूड चरित्रं, दोन 'त्याच्यासारखी गुंतवणूक कशी करावी' छापाची आणि एक नुसतं वचनांचं संकलन. ओमाहातलं घर त्याने १९५८ साली ३१,५०० डॉलरला घेतलं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

मग बाजार पडला. आपण नीट पारखून घेतलाय अशी माझी समजूत असलेला एक शेअर सहा आठवड्यांत एक तृतीयांशाने खाली आला. झोपण्यापूर्वी भाव बघायचो, उठल्यावर पुन्हा तोच. (रात्री बाजार बंद असतो, तरी बघायचो.) शेवटी एका सकाळी विकून मोकळा झालो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी फार शांत वाटलं. आठ महिन्यांनी तो शेअर माझ्या खरेदीच्या भावाच्या वर होता.

आता गंमत बघा. १९४२ साली अकरा वर्षांच्या बफेटने ११४.७५ डॉलर घालून 'सिटीज सर्व्हिस'चे तीन प्रेफर्ड शेअर (म्हणजे लाभांश आधी मिळणारे) घेतले. साधारण ३८ चा भाव. बहिणीलाही घ्यायला लावले. भाव २७ वर गेला, बहीण शाळेच्या वाटेवर आठवण करून द्यायला लागली, आणि ४० आल्याबरोबर याने सगळे विकले. पुढे तो २०२ वर गेला. ही गोष्ट प्रत्येक चरित्रात असते. माझ्या प्रतीत त्या पानावर पेन्सिलीची दुहेरी रेघ आहे. माझ्याच हातची.

तर विचारायचं असं, की या पुस्तकांतून तुम्ही नेमकं काय शिकलात? मानसिकता वाचून येते का?

उगाचच

रुमाल टाकून ठेवतो.

खतावणी

कोरीपाटी, एकच विचारते. शेअर घेतलात त्या दिवशी, का घेताय हे कुठे लिहून ठेवलं होतंत? डोक्यात नाही, कागदावर.

कोरीपाटी

नाही ताई. डोक्यात पक्कं होतं.

खतावणी

डोक्यातलं कारण भाव पडला की गुपचूप बदलतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. माझं दोनदा झालंय. सध्या ऑडिटच्या रगाड्यात आहे, सवडीने लिहिते.

जुनापिंपळ

कोरीपाटीराव, धागा आवडला. तुम्ही बफेटवरचं वाचलंत, पण बफेटने स्वतः काय वाचलं होतं ते वाचलंत का?

१९५० च्या सुरुवातीला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हाती बेंजामिन ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' पडलं. पुस्तक आदल्याच वर्षी निघालेलं. पुढे हार्वर्डने नाकारलं, तेव्हा हे ग्रॅहम कोलंबियात शिकवतात म्हणून पठ्ठ्या तिथे जाऊन बसला. त्या पुस्तकातली आठवं आणि विसावं अशी दोन प्रकरणं तो आयुष्यभर सांगत आला. आठव्यात मिस्टर मार्केट भेटतो. तुमचा धंद्यातला भागीदार, जो रोज दारात येऊन 'माझा हिस्सा घे नाहीतर तुझा दे' म्हणून एक भाव सांगतो. कधी हर्षवायू झालेला, कधी रडकुंडीला आलेला. मेख अशी की त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. नाही दिलंत तरी तो रागावत नाही, उद्या पुन्हा येतो. आणि तुम्ही काय करत होतात? तो झोपला असताना त्याचं दार वाजवून भाव विचारत होतात. :)

दुसरं म्हणजे, 'पद्धत' शिकवणाऱ्या पुस्तकांची एक खोड आहे. त्यांतला बफेट पहिल्या पानापासून शहाणाच असतो. खरा तसा नाही. बर्कशायर हॅथवेचंच घ्या. न्यू बेडफर्डची कापडगिरणी, मालमत्तेच्या मानाने शेअर स्वस्त म्हणून १९६२ पासून हा घेत होता. १९६४ साली गिरणीच्या प्रमुखाने याचे शेअर साडेअकरा डॉलरला परत घ्यायचं तोंडी कबूल केलं. प्रत्यक्ष पत्र आलं ते अकरा पूर्णांक तीन अष्टमांशाचं. म्हणजे शेअरमागे साडेबारा सेंट कमी. विकून सुटायचं तर राहिलं बाजूला, हा चिडला, आणखी शेअर घेत सुटला, १९६५ साली कंपनीच ताब्यात घेतली आणि त्या प्रमुखाला घरी पाठवलं. 'भावना बाजूला ठेवा' हे ज्याच्या नावावर छापलं जातं, त्याचा हा सर्वांत गाजलेला सौदा. आणि सूडाच्या पायी गळ्यात काय पडलं? मरू घातलेली गिरणी.

ती वीस वर्षं चालवली. १९८५ साली बंद केली तेव्हाचा हिशोब त्याने भागधारकांना दरवर्षी लिहायच्या पत्रात दिलाय. १९८१ मध्ये पाच-पाच हजार डॉलरला घेतलेले माग पन्नास डॉलरलाही कुणी घेईना. शेवटी सव्वीस डॉलर नगाने भंगारात गेले. का, तेही सांगितलंय: नवीन यंत्र घेतलं की खर्च वाचतो, पण ते सगळ्याच गिरण्या घेतात, त्यामुळे वाचलेला पैसा भाव उतरण्यात जातो. मिरवणूक बघायला पुढच्याने टाचा उंचावल्या की मागचे सगळे उंचावतात, तसं.

आता त्याच्या शेजारी सीज कँडीज ही चॉकलेट-मिठाईची कंपनी ठेवा. १९७२ ची खरेदी, अडीच कोटी डॉलर. हाती येणारी खरीखुरी मालमत्ता जेमतेम ऐंशी लाखांची. ग्रॅहमच्या डोळ्यांनी बघितलं तर महागच. विकणाऱ्यांना तीन कोटी हवे होते आणि बफेट अडीचच्या वर हलायला तयार नव्हता. ते अडून बसले असते तर सौदा फिसकटला असता. 'चांगल्या धंद्याला थोडे जास्त मोजायला हरकत नाही' हे त्याचा जोडीदार चार्ली मंगर मागे लागून सांगत होता. २००७ च्या पत्रातला हिशोब असा, की पस्तीस वर्षांत सीजने करपूर्व एकूण १३५ कोटी डॉलर कमावून दिले आणि त्यासाठी नव्याने घालावे लागले फक्त ३ कोटी २० लाख. गिरणी पैसा गिळत होती, हे दुकान ओकत होतं. बफेट बदलला तो हे दोन्ही धंदे एकाच वेळी चालवताना. आणि त्याला बदलायला वीस वर्षं लागली, आपण दीड वर्षात पाच पुस्तकं वाचून निकाल मागतोय.

उगाचच

पिंपळकाका, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

शंकासुर

नावाला जागून उलट बाजू मांडतो. कृपया हलके घ्या.

मानसिकता, मानसिकता म्हणून जे विकलं जातं त्यात भांडवल कुठून आलं हे गाळलेलं असतं. १९६७ साली बर्कशायरने (ती गिरणीच पुढे बफेटची गुंतवणूक कंपनी झाली) ८६ लाख डॉलरला नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी घेतली. विम्याचा हप्ता आज येतो, दावा पुढे कधीतरी द्यावा लागतो. मधल्या काळात तो पैसा कंपनीच्या हातात असतो. त्यालाच फ्लोट म्हणतात. २०२४ अखेर बर्कशायरकडे असा सुमारे १७१ अब्ज डॉलरचा फ्लोट होता. बफेटच्या परताव्याची चिरफाड केलेल्या अभ्यासकांच्या हिशोबाने तो स्वतःच्या भांडवलाच्या साधारण १.६ ते १.७ पट पैसा खेळवत आलाय, आणि तोही फार स्वस्तात. तुमच्या-माझ्याकडे ही सोय आहे?

सप्टेंबर २००८ मध्ये त्याने गोल्डमन सॅक्स या बँकेत ५ अब्ज डॉलर घातले. काय शर्तींवर? वर्षाला दहा टक्के लाभांश देणारे प्रेफर्ड शेअर, वर ११५ डॉलरने तेवढ्याच रकमेचे साधे शेअर घ्यायचा हक्क. 'इतर घाबरलेले असतात तेव्हा लोभी व्हा' हे वचन वाचून जो तेव्हा मोबाईलवरून तोच शेअर बाजारभावाने घेत होता, तो वेगळाच खेळ खेळत होता.

आणि ते 'आमचा आवडता धारणकाळ म्हणजे कायम'. १९८८ च्या पत्रातलं आहे, उत्तम कंपन्यांबद्दल आहे, मान्य. पण २०२२ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत बर्कशायरने तैवानच्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसीत ४ अब्ज डॉलरहून जास्त घातले आणि पुढच्या तिमाहीत बहुतेक विकून टाकले. १९६६ साली डिस्नीचा पाच टक्के हिस्सा ४० लाखांना घेतला, पुढच्या वर्षी विकला. वचनांच्या पुस्तकात डिस्नीचं पान सापडलं तर कळवा.

शेवटचं. हीच पुस्तकं वाचून, असाच संयम ठेवून, चुकीच्या कंपनीत शांतपणे बुडालेल्यांची चरित्रं कोण छापणार?

वाकडीवाट

शेवटच्या वाक्याला +१. संयम आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात.

एक_पावसाळी_संध्याकाळ

अवांतर: पंचाण्णवीच्या माणसाला सगळे अरे-तुरे करताय. बफेटआजोबा तरी म्हणा.

शंकासुर

सचिनला आपण अहो-जाहो करतो का? प्रेमच आहे ते.

खतावणी

आले एकदाची.

शंकासुर, फ्लोटचं बरोबर आहे, पण अर्धवट सोडलंत. उधारीचा पैसा तर ब्रोकरही देतो. फरक किती पट यात नाही, परत कधी मागता येतो यात आहे. शेअर पडले म्हणून विमाधारक दुसऱ्या दिवशी दारात येत नाही, ब्रोकर येतो. बर्कशायरच्या शेअरचे स्वतःचे हाल बघा: मार्च १९७३ ते जानेवारी १९७५ मध्ये ५९.१ टक्के खाली. १९८७ च्या ऑक्टोबरात महिन्याच्या आत ३७.१ टक्के. १९९८ ते २००० मध्ये ४८.९. २००८-०९ मध्ये ५०.७. हे आकडे त्याने २०१७ च्या पत्रात स्वतः मांडले, आणि मांडले ते 'उसन्या पैशाने शेअर घेऊ नका' हे पटवायला. धंदा तोच, मालक तोच, तरी चार वेळा एवढी वाताहत. मंगरचा फंड तर १९७३ ला ३१.९ आणि १९७४ ला ३१.५ टक्के पडला. दोन वर्षांत शंभराचे सत्तेचाळीस. हे दोघे हलले नाहीत, पण त्यांच्या मनाच्या ताकदीइतकंच त्यांना हलवू शकेल असं कुणी दाराशी नव्हतं, हेही धरा. कोरीपाटी, तुमच्या त्या पैशाची वर्षभरात दुसरीकडे कुठे गरज लागणार होती का? असेल तर घाबरणं हा मानसिकतेचा दोष नव्हता, मांडणीचा होता.

आता कागदाचं. माझी पद्धत साधी आहे, कुठल्या पुस्तकात नाही. शेअर घेण्यापूर्वी एक पान. कंपनी काय विकते, कुणाला, आणि ते लोक दुसरीकडे का जात नाहीत. नफ्यातला किती पैसा धंदा आहे तसाच चालू ठेवायला परत घालावा लागतो. (१९८६ च्या पत्रात बफेटने याला 'मालकाची कमाई' म्हटलंय: नफा अधिक घसारा, वजा धंदा टिकवायला लागणारा खर्च. आम्हा हिशोबवाल्यांना लाजवणारी गोष्ट ही की घसारा नफा-तोटा पत्रकात शेवटच्या रुपयापर्यंत सापडतो, आणि तो टिकवायचा खर्च अंदाजानेच काढावा लागतो.) मग माझ्या मते धंद्याची किंमत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते दोन आकड्यांमध्ये. एका आकड्यात लिहिलंत तर तो तुम्ही आजच्या भावावरून मागे मोजत काढलाय असं समजा. आणि सगळ्यात खाली: काय घडलं तर मी विकेन. या ओळीत 'भाव' हा शब्द चालणार नाही.

वार्षिक अहवाल मी पाच वर्षांचे काढते आणि जुन्यापासून वाचत येते. पाच वर्षांपूर्वी अध्यक्ष महाशय काय करणार म्हणाले होते, आणि पुढच्या अहवालात त्याचं काय झालं. बरेचदा ते वाक्य पुढच्या वर्षी नुसतं गायब असतं. ती गायब झालेली वाक्यं शोधायला मला फार मजा येते, नवरा म्हणतो रहस्यकथा परवडल्या.

यातल्या दहातल्या सात कंपन्यांची पानं माझ्याकडून पूर्ण होत नाहीत. ती फाईलमध्ये 'कळत नाही' या कप्प्यात जातात.

जुनापिंपळ

ताई, 'कळत नाही' हा कप्पाच मोठा. १९९६ च्या पत्रात तो म्हणतो ना, आपल्याला कळणाऱ्या धंद्यांचं वर्तुळ केवढं मोठं आहे याला फार महत्त्व नाही, त्याची हद्द कुठे ते माहीत असणं महत्त्वाचं.

तळटीप

दोन तळटीपा.

कोरीपाटींना दिलासा म्हणून: लवकर विकण्याचा रोग बफेटला अकराव्या वर्षीच होऊन गेला असं नाही. १९५१ साली शनिवारी वॉशिंग्टनला जाऊन गायको या मोटार-विमा कंपनीच्या बंद कचेरीचं दार ठोठावलं, तिथल्या एका अधिकाऱ्याने तासन्‌तास धंदा समजावला, आणि याने आपल्या पुंजीतला मोठा हिस्सा, १०,२८२ डॉलर, त्यात घातला. पुढच्या वर्षी १५,२५९ ला विकून टाकला. धंदा पूर्ण समजलेला असताना. पुढच्या वीस वर्षांत तेवढ्याच शेअरांचे सुमारे १३ लाख झाले, हे त्यानेच १९९५ च्या पत्रात लिहिलंय, बर्कशायरने उरलेली अर्धी गायको २३० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा.

दुसरी तळटीप शंकासुरांसाठी. सामान्य माणसाने त्याची नक्कल करावी असं बफेट स्वतःच म्हणत नाही. २०१३ च्या पत्रात मृत्युपत्रातली सूचना दिलीय: पत्नीसाठीच्या पैशातले नव्वद टक्के कमी खर्चाच्या एस अँड पी ५०० इंडेक्स फंडात (अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्या सरसकट घेणारा), दहा टक्के अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत. २००८ ते २०१७ अशी दहा वर्षांची पैजही लावली. एका बाजूला इंडेक्स फंड, समोर हेज फंडांचे (बड्यांचा पैसा तज्ज्ञ खेळवतात ते) पाच निवडक संच. इंडेक्सचे वर्षाला सरासरी ८.५ टक्के, त्या पाचांपैकी एकालाही तेवढे जमले नाहीत. पण इंडेक्स फंडावर 'बफेटची गुपितं' नावाचं तीनशे पानी पुस्तक होत नाही. एका ओळीत संपतं.

उगाचच

मग आपण सगळे इथे काय करतोय? :D

तळटीप

मनोरंजन. माझे नव्वद टक्के इंडेक्समध्येच आहेत. उरलेल्या दहात मी बफेट.

वाकडीवाट

आमचा अनुभव सांगतो. आम्ही चौघे मित्र महिन्याला एक पत्र वाचतो. १९७७ पासूनची सगळी बर्कशायरच्या साध्यासुध्या संकेतस्थळावर फुकट आहेत. महिन्याला एक धरलं तर चार वर्षांचा ऐवज. नियम एकच: त्या वर्षी पुढे काय झालं ते माहीत नाही असं धरून वाचायचं. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

१९९३ चं पत्र वाचताना हे जाणवलं. डेक्स्टर ही बूट बनवणारी कंपनी घेतल्याचं वर्णन इतकं कौतुकाचं आहे, की आम्हा चौघांपैकी तिघांनी 'मीही घेतली असती' म्हणून हात वर केले. ४३ कोटी डॉलरचा सौदा, तोही रोख नाही, बर्कशायरचे शेअर देऊन. काही वर्षांत परदेशी बुटांपुढे कंपनीची किंमत शून्य. २००७ च्या पत्रात तो लिहितो की शेअर दिल्यामुळे भागधारकांना हे प्रकरण ४० कोटींना नाही, साडेतीन अब्जांना पडलं. चरित्रात हा सगळा प्रवास दोन परिच्छेदांत उरकतो आणि आपण 'असू दे, मोठ्यांच्याही चुका होतात' म्हणून पान उलटतो. पत्रांतून वाचलं की आपणही त्याच्याबरोबर फसतो. मला वाटतं पुस्तकांत नेमकी हीच गोष्ट मिळत नाही. तिथे शेवट आधीच माहीत असतो.

कोरीपाटी

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी येतोय, गृहपाठ करून.

आधी खतावणीताईंच्या प्रश्नाचं उत्तर. हो, त्या पैशातला निम्मा दहा महिन्यांत लागणार होता. हे मी मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं. लपवलं असं नाही, त्याचा या सगळ्याशी संबंध असेल हे सुचलंच नाही.

मग विकलेल्या त्याच शेअरचं पान लिहायला बसलो. कंपनी काय विकते, एका दमात लिहिलं. कुणाला, तेही. 'ते दुसरीकडे का जात नाहीत' इथे चहा करायला उठलो. परत येऊन 'चांगला ब्रँड' असं लिहिलं आणि मलाच हसू आलं. टिकवायच्या खर्चाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. शेवटच्या ओळीत 'भाव' सोडून काहीच सुचेना. म्हणजे पान 'कळत नाही' कप्प्यातलं होतं, आणि मी ते घेऊन बसलो होतो. विकलं ते चुकलं असं इतके दिवस वाटत होतं. आता वाटतं मुळात घेण्याचंच कारण नव्हतं. वर गेला ते नशीब, आणि तेही माझं नाही.

काल वाकडीवाट यांच्या सांगण्यावरून १९७७ चं पत्र उघडलं. त्यात त्या प्रसिद्ध चार कसोट्या आहेत: धंदा समजणारा हवा, दूरचं भवितव्य चांगलं हवं, माणसं प्रामाणिक नि लायक हवीत, आणि भाव फार आकर्षक हवा. माझ्या पाचांपैकी चार पुस्तकांत त्या चौकट आखून छापल्यात. पण त्याच पत्रात कापडधंद्याबद्दल लिहिलंय की वर्ष पुन्हा फार वाईट गेलं, आणि गेली दोन्ही वर्षं आम्ही सुधारणेचं भाकीत केलं होतं ते चुकलं. हे एकाही पुस्तकात नव्हतं. निदान मी रेघ तरी मारलेली नाही.

आणि गिरणी बंद झाली १९८५ ला ना, पिंपळकाका? म्हणजे या चार कसोट्या छापल्यानंतर आणखी आठ वर्षं?

जुनापिंपळ

आठ वर्षं. ते पाच हजारांचे माग त्याच आठांतले.

उगाचच

१९७८ चं वाचलंत की त्याचा वेगळा धागा काढा. रुमाल आत्ताच टाकून ठेवतो.